पेडगावच्या बियाण्याची चिठ्ठी

परभणीच्या बियाण्याच्या गोदामात मी नमुने काढायच्या कामावर होतो. बियाण्यासाठी प्लॉट लावणारे शेतकरी ज्वारीची पोती आणून टाकायचे. प्रत्येकाच्या मालातून चार मुठी दाणे कापडी पिशवीत काढायचे, पिशवीला नाव, गाव आणि लॉट नंबराची चिठ्ठी बांधायची, अन् ती उगवणीच्या तपासणीला धाडायची. चिठ्ठी बांधल्याशिवाय दुसऱ्याच्या पोत्याला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम. शेंबडं पोरही पाळील असला. मी पाळला नाही.

त्या दिवशी नामांतरावरून बंद होणार, चारनंतर एसटी सुटणार नाही, अशी आवई उठली होती. मला मानवतला घरी जायचं होतं. दोनच शेतकरी उरले होते: पेडगावची एक बाई अन् शेजारच्या गावचा एक बागायतदार.

बाईचा हातगुण पंचक्रोशीत नावाजलेला. पेरणीला तिनं बी सोडायच्या चाड्यावर पहिली मूठ धरल्याशिवाय पेडगावात तिफण हलत नसे. "माझ्या हातचं उगवलं न्हाई असं कदी झालंच न्हाई, सायेब," ती पोती उतरवताना म्हणाली. मी म्हणालो, "मग तपासायचं तरी कशाला? पास लिहून टाकू का?" दोघंही हसलो. तिनं पोत्यांची तोंडं जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठानं बांधली होती. सुतळी हाताशी नव्हती, म्हणून तीच चिंधी मी तिच्या नमुन्याच्या पिशवीला गुंडाळली. मग बागायतदाराची पिशवी भरली. दोन्ही चिठ्ठ्या मागाहून टेबलावर घाईघाईनं बांधल्या अन् स्टँडकडं पळालो. एसट्या संध्याकाळपर्यंत चालू होत्या!

अहवाल आला. बाईचे निम्मे दाणेही उगवले नव्हते. तिचा माल नापास झाला, प्लॉट गेला. मला वाटलं, आता भांडेल. पण ती गोदामाच्या पायरीवर बसून राहिली. मी म्हणालो, "फेरतपासणीचा अर्ज करा."

"मशीन कशाला खोटं बोलंल? माझाच हात गेला म्हनायचा."

मला त्या दिवशीची चिठ्ठ्यांची घाई आठवली. तसाच तपासणीच्या खोलीत गेलो. फळीवर उरलेले नमुने होते. हिरवी चिंधी बागायतदाराच्या नावाच्या पिशवीला होती. नापास माल त्याचा होता.

साहेबांची खोली दहा पावलांवर होती. मी काय केलं? चिंधी सोडली, खिशात घातली आणि सुतळी बांधली. नोकरी नवी होती, लग्न ठरलेलं होतं, साहेब तापट होते. ही कारणं मी बायकोलाही सांगून पाहिली आहेत. ती म्हणाली, "भित्रे होतात, एवढंच म्हणा की." खरं आहे. बागायतदाराचा सडका माल चांगल्या चिठ्ठीनिशी कुणाकुणाच्या रानात गेला, कोण जाणे.

पाच-सहा वर्षांनी प्लॉट बघायला पेडगावला जावं लागलं. ऐन पेरणीचे दिवस होते. चाड्यावर मूठ दुसऱ्याच एका म्हाताऱ्याची होती. बाई बांधावर लांब बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "आता कोन बोलवतंय? अन् बोलवलं तरी मी जात न्हाई. कुनाचं वाटोळं करू?"

मला राहवलं नाही. म्हणालो, "मावशी, तुमचं बियाणं चांगलं होतं. तुमची चिठ्ठी मी दुसऱ्याच्या पिशवीला बांधली."

तिनं विचारलं, "तुमाला कवा कळलं?"

खोटं बोलायची लय इच्छा झाली. "त्याच दिवशी," मी म्हणालो. "तुम्ही पायरीवर बसला होता तेव्हा."

"त्याच दिवशी," ती म्हणाली. "अन् मी, सायेब, सुनेला दिवस गेले तवा तिची ओटी शेजारनीकडून भरून घेतली. माझा हात नको म्हनून."