मेंढरं उठली, पुन्हा!

पोरं उडी मारायला लागली, की आमचे क्रीडाशिक्षक डोळे मिटून घ्यायचे. हात कानामागे. पोरगं खाली आलं, की निकाल: "धप्प वाजलं. पुन्हा!"

त्यांचं म्हणणं एकच. "उडता कुणालाबी येतंय बे. उतरून दाव." आधी पायऱ्यांवरून हलकं उतरणं, मग पाठीवर वाळूचं पोतं घेऊन बैठका, उडी सगळ्यात शेवटी. तरुणपणी चुकीचं उतरून त्यांचा स्वतःचा गुडघा गेला होता. धारूरच्या त्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. खरं सांगतो, शिकवताना माझं निम्मं लक्ष खिडकीबाहेर त्यांच्याकडेच असायचं.

आठवीत एका मेंढपाळाची लेक होती. पोर गुणी, पण उतरायची ती दगड पडल्यासारखी. क्रीडा वसतिगृहाची निवड तोंडावर आलेली. बापानं सरांना बजावलं होतं, "निवड झाली तर शिकंल. न्हाईतर दिवाळी झाली की मेंढरांमागं येईल आमच्यासंगं."

सर संध्याकाळी थेट मेंढवाड्यावरच जायला लागले. बसलेल्या कळपाशेजारी तिला दगडावरून उड्या मारायला लावायचे. एकाही मेंढीनं उठता कामा नये!

"मेंढरं उठली. पुन्हा!"

बाप वैतागला. "सर, जनावरांना रवंथ तरी करू द्या की!"

हळूहळू मेंढरं उठेनाशी झाली. मग मानही वळवेनात. बाप कौतुकानं बघत बसायचा.

निवडीला मीही गेलो होतो. ती धावली, उडाली, वाळूत उतरली. सर डोळे मिटूनच. त्यांनी घाबरून माझा हात धरला. "कावून थांबली? उडली न्हाई का?"

"अहो, डोळे उघडा! सगळ्यांत लांब तिचीच!"

संध्याकाळी तिचं नाव पुकारलं गेलं. बाप सरांना एवढंच म्हणाला, "लई उपकार झाले. आता मेंढरांना बसू द्या."

यंदा सर निवृत्त झाले. खिडकी आहे, मैदान आहे, पण डोळे मिटून उभं राहणारं कुणी नाही. मला करमत नाही.

निरोपाला ती वसतिगृहातून मुद्दाम आली होती. भाषणं संपली, सर व्यासपीठावरून उतरायला पायरी शोधू लागले. ती ओरडली, "सर, पायरी न्हाई, उडी!" व्यासपीठ जेमतेम गुडघ्याएवढं. तरी साऱ्या पोरांनी डोळे मिटले, हात कानामागे नेले. मी नाही मिटले. मला त्यांना बघायचं होतं. दुखरा पाय सांभाळत, लाजत, सरांनी उडी टाकली.

धप्प!

"मेंढरं उठली, सर!" डोळे पुसत ती हसली. "पुन्हा!"

आणि खरंच, अख्खी शाळा उठून उभी राहिली होती.