मास्तरांची परीक्षा

गाडी शिकायला येणाऱ्याला मास्तर पहिल्या दिवशी स्टिअरिंगला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. त्याला पायी घेऊन निघायचे आणि प्राथमिक शाळेसमोर नेऊन उभं करायचे.

"हं, पलीकडे जाऊन ये."

"मास्तर, मी गाडी शिकायला आलोय. चालायला येतं मला."

"बघू तर खरं."

शाळेपाशी वेगमर्यादेची ठसठशीत पाटी होती, पण तिच्याकडे बघायला फुरसत कुणाला? गाड्या सुसाट जायच्या. शिकणारा पाऊल पुढे टाकायचा, दचकून मागे घ्यायचा. असं चार-पाचदा झालं की त्याचा चेहरा पडायचा. मग मास्तर म्हणायचे, "उद्यापासून गाडी."

निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं. बेकरीवाला, दातांची डॉक्टरीण, कोर्टातले दोन वकील. रस्त्यात कुणी भरधाव गाडी पुढे काढली, तर मास्तर शेजारच्या शिष्याला शांतपणे सांगायचे, "हा आपल्याकडचा नव्हे." कधी तो नेमका आपल्याकडचाच निघायचा. एकदा बेकरीवाला मागून हॉर्नवर हॉर्न वाजवत आला, पुढे कोण आहे ते पाहिलं आणि पुढचा सगळा रस्ता गोगलगायीसारखा मागेमागे राहिला.

शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणारा गांगरला की मास्तर तो दाबायचे, पण इतका अलगद, की त्याला वाटावं, आपणच गाडी थांबवली. मास्तर तसं वाटूही द्यायचे. घाबरलेल्या माणसाला तेवढाच धीर.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा शिकवणीचा सगळा कारभार लेकीने हातात घेतला. मास्तर आता घरची गाडी तेवढी चालवत. बाजारहाट, दवाखाना आणि बायकोच्या बहिणीचं गाव.

एका सकाळी बाजाराच्या रस्त्यावर, झेब्रा क्रॉसिंगपाशी, ते झालं. हातात दुधाच्या पिशव्या घेतलेली एक बाई मास्तरांना दिसली, तेव्हा ती जवळजवळ बॉनेटला टेकली होती. ब्रेक करकचून लागला. बाईने बॉनेटवर थाडकन हात मारला.

"आजोबा, डोळे घरी विसरलात का?"

"चुकलं माझं," मास्तर काच खाली करून म्हणाले. "लागलं नाही ना कुठे?"

"नशीब माझं!" म्हणत ती निघून गेली.

"अहो, तीच घाईत होती," बायको म्हणाली.

मास्तरांना ते पटलं नाही. बाई अजिबात घाईत नव्हती. चष्मा नवाच होता, त्यामुळे त्याच्यावरही ढकलायची सोय नव्हती. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि हात मांडीवर ठेवून बराच वेळ बसून राहिले.

संध्याकाळी ते लेकीला म्हणाले, "माझी परीक्षा घे."

"काहीतरीच काय, बाबा!"

"बाहेरच्या माणसाची घेतेस तशी. मुरवत नको."

लेकीने आज-उद्या करत आठवडा ढकलला, पण बाप हट्टाला पेटलेला. शेवटी ती शिकवणीच्या गाडीत त्यांच्या शेजारी बसली. मास्तरांनी आरसे पाहिले, वळताना इशारे दिले, वेगाचा काटा मर्यादेच्या आत ठेवला आणि दोन गाड्यांच्या मधल्या फटीत गाडी अशी लावली, की बघत राहावं. इंजिन बंद करून ते खुशीत म्हणाले, "काय मग, परीक्षक बाई?"

लेक खिडकीबाहेर बघत होती. "बाबा, मी दोनदा ब्रेक दाबला."

"कधी?"

"दवाखान्याच्या वळणावर सायकलवाली होती तेव्हा. आणि सिग्नलपाशी ते काठीवाले गृहस्थ आले तेव्हा."

"तिथे मी थांबलो होतो."

"नाही, बाबा. मी थांबवली."

मास्तरांनी पायाशी, तिच्या बाजूच्या ब्रेककडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "कळलं नाही गं मला."

"तुम्हीच शिकवलंय तसं दाबायला," लेक म्हणाली.

त्यांनी वाद घातला नाही, पण पचायलाही जड गेलं. दोन दिवस ते घरात तुटक तुटक बोलत होते. पोरगी फार भित्री झालीय, असंही मनात येऊन गेलं. तिसऱ्या सकाळी बेकरीपर्यंतच जायचं म्हणून त्यांनी किल्ली उचलली, गाडीचं दार उघडलं. जरा वेळ तसेच उभे राहिले. मग दार लावलं आणि पाव आणायला पायीच गेले.

खरी अडचण बायकोने काढली. "मग माझ्या बहिणीकडे मला कोण नेणार?"

"टॅक्सी."

"टॅक्सी कशाला? मी शिकते."

मास्तरांना हसू आलं. एका घरात एक ड्रायव्हर पुरे, असं तेच इतकी वर्षं म्हणत आले होते. "या वयात? बरं, शिकवतो."

"तुमच्याकडून नाही. लेकीकडून."

लेकीने पहिल्या दिवशी रिवाजाप्रमाणे शाळेचा रस्ता दाखवायचं काढलं, तशी आई म्हणाली, "मला नको उभं करूस तिथे. मी जन्मभर पायीच हिंडलेय." लेकीने गुपचूप गाडीची किल्ली दिली.

तोंड बंद ठेवायच्या अटीवर मास्तरांना मागच्या सीटवर जागा मिळाली. तोंड बंद राहिलं, पण पाय राहीना. वळण आलं की तो आपोआप खाली दाबला जाई.

"मागे कोण नाचतंय?" बायको आरशात बघून विचारायची.

पहिल्या परीक्षेत ती नापास झाली, दुसरीत पास. पुढच्याच रविवारी तिने मास्तरांना शेजारी बसवलं आणि बहिणीच्या गावाचा रस्ता धरला. मोठ्या रस्त्यावर मागच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे निघून जात होत्या. ती मान ताठ ठेवून म्हणाली, "जा बाबांनो, जा. मला कुणी हाकलत नाहीये."

मास्तर पहिल्यांदाच त्या रस्त्यावर बाहेर बघत बसले होते. झाडांच्या मागे मोठं तळं चमकलं. काठावर बगळे होते.

"अगं, हे तळं कधी झालं?"

"आपलं लग्न झालं तेव्हापासून आहे ते."

"मला कधी दिसलं नाही."

"तुम्ही रस्ता बघत होतात," ती म्हणाली. मग इशारा देऊन तिने गाडी अलगद कडेला घेतली. "बघा आता. मी हात-पाय मोकळे करते. खांदे पार आखडलेत."