रुखवताचा रुमाल

मथुराबाईंनी हातात घेतलेलं काम कधी अर्धं सोडलं नाही. शेजारच्या बाळासाठी विणायला घेतलेला स्वेटर बाळ शाळेत जायला लागल्यावर पुरा झाला, तेव्हा "आता बाहुलीला घाला," म्हणून नेऊन दिला. "पुरं करणं आपल्याकडे, पुढचं ज्याचं त्याच्याकडे," असं त्यांचं म्हणणं.

पायलला हिंजवडीच्या कंपनीत नोकरी लागली आणि त्यांनी क्रोशाचा मोठा रुमाल सुरू केला. लेकीच्या लग्नात रुखवताच्या टेबलावर अंथरायला. मधोमध मोर, कडेला द्राक्षांचे घोस. कारखान्यातून व्हीआरएस घेऊन घरी बसलेले त्यांचे यजमान तात्याराव तुळशीबागेतून दोऱ्याचे गुंडे आणून देत आणि दुपारी आडवं होण्याआधी विचारत, "कुठवर आला मोर?"

लग्न आठवड्यावर आलं. कड तेवढी उरली होती, तेव्हा फोन वाजला.

"रुखवत हॉलवर सकाळीच पोचवू ना?"

"कुठलं रुखवत?"

"भाड्याचं हो. टेबल, सॅटिनचं कापड, सगळं आमचंच. दिवाळीतच साहेब आणि ताई पसंत करून गेलेत."

दिवाळीत मोराला पिसारासुद्धा नव्हता.

"आई, क्रोशा आता कोण ठेवतं गं?" पायल म्हणाली. "फोटोत जुनाट दिसतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

मथुराबाई नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? परवाच गुंडा आणलात."

"अगं, तुझा वेळ चांगला जात होता. कशाला मोडता घालायचा?"

लग्नात त्या सॅटिनशेजारी उभ्या होत्या. विहिणीची बहीण रुखवत बघून म्हणाली, "हात सुरेख आहे हो तुमचा!"

"भाड्याचा आहे," मथुराबाई म्हणाल्या.

पायल सासरी गेली. दुसऱ्या दिवशी मथुराबाईंनी सुई घेतली.

"आता कुणासाठी?" तात्यारावांनी विचारलं.

मोर कुठवर आला, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

कड पुरी झाली. मथुराबाईंनी रुमाल धुतला, खळ दिली आणि वाळताना आकसू नये म्हणून पलंगावरच्या गादीवर ताणून चहूबाजूंनी टाचण्या टोचल्या. मोर अख्ख्या पलंगभर पसरला.

जेवण उरकून तात्याराव खोलीत आले आणि दारातच थांबले.

"अगं, मी आडवं कुठे व्हायचं?"

"केलं असेल की बुकिंग, दिवाळीतच," मथुराबाई म्हणाल्या आणि शेवटची टाचणी टोचली.