देवराईतल्या तीन झाडांचं बारसं

"सर, तुम्ही नवीन झाड शोधलंत म्हणजे नक्की काय केलंत?" असं आमच्या कुडाळच्या कॉलेजात कोणी विचारलं की मला त्यावरचा संशोधनाचा पेपर आठवतच नाही. आठवतात ते भिकाजीकाका! पेपर झाला आठ पानांचा, किस्से मात्र अजून संपत नाहीत.

फोंडाघाटाजवळच्या एका देवराईत ह्या जातीची झाडं तीनच. शेजारून नव्या रस्त्याची मोजणी चाललेली. रस्तेवाल्यांच्या यादीत फणस, ऐन, किंजळ सगळ्यांची नावं. ह्या तिघांपुढे नुसतं 'इतर'! शास्त्रीय नाव मिळालं तर वाचतील, म्हणून मी आणि कॉलेजातल्या माझ्या सहकारी सावंत मॅडम घाईला आलेलो.

"काका, हे झाड अगदी नवीन आहे!" मी देवराईच्या मानकऱ्यांना, भिकाजीकाकांना, सांगितलं.

"नवीन? आमच्या आज्याच्या आज्यापासून हयच आसा. नवीन तुमी!"

* * *

नमुन्याला फळांची फांदी हवी. पण देवराईतलं पानही तोडायचं नाही, आधी देवीचा कौल! काकांनी गाऱ्हाणं घातलं, "बाये देवी, ह्ये मास्तर झाडाचा बारसा करूक इलेत. तेंका फांदी घेवक दी, आणि तेंच्या पेपराक जो आडो येयत तेका बाजूक कर!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव ओरडला. पेपर तपासणाऱ्या प्रोफेसरांना ह्याची कल्पनाही नसेल!

मूर्तीला लावलेल्या फुलांतलं डावीकडचं आधी पडलं, देवीने फूल डावं दिलं. म्हणजे नकार.

"तोडूक नको म्हणता ती," काका म्हणाले. "पडात ता तुमचा."

* * *

मग फांदी पडायची वाट बघत काका रोज सकाळी झाडाखाली. एकदा वादळात फळांची फांदी मोडली. निरोप मिळताच आम्ही मोटारसायकलवरून पोचलो तर छत्री फांदीवर, आणि काका भिजत उभे! ते उपकार कसे फिटायचे?

* * *

दमट हवेत नमुना वाळेना. काकींनी तो चुलीवर टांगला. पुढे मॅडमनी पेपरातलं वर्णन अभिमानाने वाचून दाखवलं, "सुकलेल्या फळांना माशासारखा उग्र वास..."

काकी हसून लोटपोट. "गो बाय, बाजूक माझो सुको बांगडो होतो मा!"

ते वाक्य वेळेत खोडलं. काकी नसत्या तर जगभर हसं झालं असतं!

* * *

नाव काकांचंच द्यायचं, ह्यावर आमचं एकमत. पेढे घेऊन सांगायला गेलो. काकांनी पहिला पेढा झाडाच्या मुळाशी ठेवला.

"माझा नाव नको, मास्तर. रस्तेवाले कुऱ्हाड घेवन इले तर माका कोण भियातलो? देवीचा नाव घाला!"