काकूंच्या दंडाला पट्टा बांधला तेव्हा

मैत्रिणींनो, आत्ताच घरी आले. अंगात त्राण नाही, पण सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

मी गावात आशाताई आहे, घरोघरी जाऊन तब्येतीची विचारपूस करते. सकाळी सुमनकाकूंकडे गेले. काकांना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांचं सगळं अंथरुणातच, आणि करणाऱ्या काकू एकट्याच. काकांचं बीपी ठीक निघालं. काकूंचा चेहरा उतरलेला दिसला म्हणून बीपीचा पट्टा त्यांच्या दंडाला बांधला, तर आकडा खूपच वर गेलेला.

"काकू, आत्ताच्या आत्ता डोणगावला दवाखान्यात चला."

"मी कशी येऊ वं? यायले कोण पाहीन?" काकू काकांकडे बोट दाखवत म्हणाल्या.

मी रागावले, हात जोडले. काकू हलेनात. तेवढ्यात शेजारच्या शांताबाई दारात आल्या. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झाल्यापासून दोन्ही घरांत बोलणं बंद आहे. काकूंकडे न पाहता त्या मलाच म्हणाल्या, "तिले घेऊन जाय. मी हाये इथं."

ऑटोत काकू माझ्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपल्या. दवाखान्यात गोळ्या सुरू केल्या, आराम करा म्हणाले. परतलो तेव्हा शांताबाई काकांना वरणभात भरवत होत्या. काकू दारातच रडायला लागल्या.

"रडू नको वं. हात धू अन् जेव," शांताबाई थेट त्यांनाच म्हणाल्या.

आजचं निभावलं. उद्या शांताबाईंना शेतात जायचंय, मला पुढची घरं आहेत. तुमच्या गावात आजाऱ्याजवळ आळीपाळीनं बसायची सोय कुणी केली आहे का? कशी जमवली, सांगाल? मी खरंच विचारतेय.