साहेबांनी भाकर खाल्ली का?

सेनगावजवळच्या तांड्यावर साहेबांची जीप थांबली, त्याला वीसेक वर्षं झाली. साहेब म्हणजे तेव्हाचे बडे पुढारी. तांड्याला डांबरी रस्ता त्यांनीच आणला, अन् शहरात दंगलही त्यांनीच पेटवली, असं लोक एका दमात सांगत. रूपाबाई तेव्हा चुलीपुढे बसलेली होती. तिनं ज्वारीची भाकर अन् ठेचा पुढं केला. साहेबांनी भाकर रुमालात बांधली, "वाटेत खातो, बाई," म्हणाले अन् गेले. झालं ते एवढंच.

यंदा साहेबांवर दोन सिनेमे निघाले. नात पुजानं दोन्ही मोबाइलवर दाखवले. पहिल्यात साहेब मांडी घालून भाकर खातात अन् ढसाढसा रडतात. दुसऱ्यात बाईची पाठ वळताच तीच भाकर खिडकीतून भिरकावतात. बाई मात्र दोन्हीकडं पांढऱ्या केसांची, वाकलेली.

"मी काय तवा म्हातारी होते?" रूपाबाई चिडली.

मग साहेबांच्या बाजूचे अन् त्यांच्या विरोधातले कार्यकर्ते एकाच दुपारी दारात आले.

"मावशी, खरं काय ते सांगा."

"बांधून नेली."

"म्हंजे खाल्लीच की!"

"ते मला काय ठावं?"

"म्हंजे फेकली!" दुसरा म्हणाला.

"असं कुठं म्हनले मी?"

तेवढ्यात नवरा वसराम बाजेवरून उठला. "खाल्ली. माझ्या डोळ्यांनी पाह्यलं. रडले बी."

कार्यकर्ते आपसात भांडतच निघून गेले. रूपाबाई नवऱ्याकडं बघतच राहिली.

"तुमी तर त्या साली ऊसतोडीला होता!"

वसराम गडबडला. "व्हय? पन मला तर समदं दिसून राहिलं."

तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हता, म्हणूनच ती घाबरली. तिनं डोळे मिटून तो दिवस आठवून पाहिला. चूल आठवली, जीपची धूळ आठवली. साहेबांचं तोंड काही केल्या डोळ्यांपुढं येईना. आलं ते नटाचं, तेही गालावर पाणी घेऊन.

"पुजा, त्यो रडन्याचा सिनेमा लाव बरं."

"काहून आजी? तुला तर राग आलता."

"लाव तर."

पुजानं लावला. रूपाबाईनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

"ह्यो साहेब न्हाई," ती म्हणाली. जरा वेळानं हळूच पुटपुटली, "का ह्योच होता, गं?"