चार वाजताचा हवालदार

माझी बदली कोलकात्याला झाली तेव्हा मुलीचं दहावीचं वर्ष होतं, म्हणून ती आणि तिची आई पुण्यातच राहिल्या. मी तिथल्या बेहाला भागात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बँकेत दिवसभर हिंदी आणि मोडकंतोडकं बंगाली. मराठी फक्त फोनवर, तीही ‘जेवलास का’पुरती. मग मुलीनेच टूम काढली. रविवारी दुपारी चारला दोघांनी आपापल्या घरी एकच मालिका लावायची. फोन स्पीकरवर. मी ‘एक’ म्हणायचं, तिने ‘दोन’, आणि ‘तीन’ला दोघांनी एकदम बटण दाबायचं. पुढचा भाग चोरून बघायचा नाही, अशी शपथ.

मालिकेत एका साध्या पोलीस ठाण्याची गाठ भिंतीतून आरपार जाणाऱ्या, गाड्या भिरकावणाऱ्या खलनायकांशी पडते. मुलीला खलनायक आवडायचे. मी मात्र ढेरपोट्या हवालदारावर फिदा. समोरचा हवेत तरंगतोय आणि हा पठ्ठ्या खाली उभा राहून त्याचं नाव-पत्ता विचारतोय! मार खातो, आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर हजर. अंगात शक्ती असलेल्यांचं मला काय कौतुक? सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून शाखेत जायला मला आधार होता तो याचाच.

एका बुधवारी सुट्टी होती. गल्लीतल्या क्लबात कॅरम रंगला होता. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. घर खायला उठलं. मी पुढचा भाग लावला. त्यात खलनायक हवालदारावर भिंतच ढकलतो. हवालदार मरतो.

रविवारी पडद्यावर हवालदार ठाण्याबाहेर पडला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अरे, जाऊ नकोस!”

पलीकडून मुलीने विचारलं, “बाबा, तू आधी पाहिलंस ना?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कबूल केलं. रागावेल असं वाटलं, पण ती हसली. “अरे, मी तर सगळे भाग सुट्टीतच पाहिलेत, मैत्रिणींबरोबर. तुझ्याबरोबर पुन्हा बघत होते.”

म्हणजे इतके रविवार पोर नुसती ड्यूटीवर हजर राहत होती. मला भरून आलं, आणि लाजही वाटली. म्हटलं, “पुढच्या रविवारी मैत्रिणींबरोबर जा. तुला सुट्टी.”

“नक्की ना, बाबा?” तिने इतक्या पटकन विचारलं की मी लगेच हो म्हणालो.

पुढच्या रविवारी चारला मी एकटाच बसलो. सवयीने मोठ्याने ‘एक’ म्हटलं, आणि ‘दोन’ची वाट पाहत राहिलो.